कलमाला धार आहे, पण छिलाईला चमक नाही: टोकाखालचा उतार कसा काढताय?

पैंजणवाला_हुपरी

नमस्कार मंडळी. घरचा धंदा चांदीचा, कोल्हापूरजवळच्या हुपरीत. पैंजणाची छिलाई, म्हणजे धातूत चमकते काप पाडणं, आता मशीनवर होते आणि त्या वेगापुढं हातानं करणारा टिकत नाही. त्यावर रडायला हा धागा काढलेला नाही. कड्यावर नाव घालणं, वेलबुट्टी, मोर, देवघरातल्या प्रभावळीची नक्षी असली कामं लोक अजून हातानंच करून मागतात आणि मजुरीही बरी सुटते. ती कामं मी करायलोय.

अडचण अशी आहे. चौकोनी कलम वापरतो, म्हणजे मुठीत धरून नक्षी कोरायचं हत्यार, हायस्पीड स्टीलचं. तोंड, म्हणजे टोकाची तिरपी पुढची बाजू, ४५ अंशात घासतो. अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवलं की टोक रुततं, घसरत नाही, म्हणजे धार आहे. सरळ रेघ मारली की झकास येते. पण वेलीचं वळण आलं की वळणाच्या बाहेरच्या अंगाला पांढुरकी, खरवडल्यागत कड उमटते. आतल्या बाजूला आरसा पडतो आणि बाहेरची बाजू मेलेली. बफ, म्हणजे पॉलिशचं कापडी चाक, मारला की ती पांढरी कड जाते खरी, पण कापाची धारही त्याबरोबर मरते आणि सगळी नक्षी ओली होऊन पसरल्यासारखी दिसते.

वडील म्हणतात हात बसला नाही. चुलते म्हणतात चांदी कडक आहे. टोकाखाली अजून एक बारीक उतार काढायचा असतो एवढं मला माहीत आहे आणि तो मी काढतो, अंदाजानं मिलिमीटरभर. तो किती लांब, किती अंशात ठेवायचा आणि पॉलिश कशानं करायचं, हे हातानं काम करणाऱ्या कुणीतरी नीट सांगा. परदेशी मशीनचे व्हिडिओ नकोत, ते सगळे बघून झालेत.

रंकाळा_कट्टा

चुलत्यांचं कधी चुकत नाही. चांदी कडक, ऊन कडक, तांबडा रस्सा कडक.

उद्यमनगरी

पैंजणवाला, मी सोनारकामातला नाही. शिवाजी उद्यमनगरात टूलरूमला असतो, लेथची टूलं घासण्यात हयात चाललीय. पण कापणारं हत्यार म्हटलं की नियम सगळीकडं तेच. तुझ्या हाताचा ह्यात काही दोष दिसत नाही भावा.

तू ज्याला बारीक उतार म्हणतोस त्याला मी टाच म्हणतो, म्हणजे लिहायला सोपं. कलमाचं टोक वळणावरनं फिरतं, पण टोकाच्या मागं असलेली टाच सरळच आहे, ती कुठं वळणार? दहावीची भूमिती आठव. वर्तुळाला स्पर्शरेषा काढली की ती वर्तुळाच्या बाहेरनंच जाते. तुझी टाच म्हणजे ती स्पर्शरेषा. ती कापाच्या बाहेरच्या भिंतीला घासत जाते आणि म्हणून तुझी पांढरी कड कायम बाहेरच्याच अंगाला येते, आतल्या अंगाला कधीच नाही.

आकड्यात सांगतो. वेलीच्या वळणाची त्रिज्या ३ मिलिमीटर धरू. टाच १ मिलिमीटर असेल तर तिचं मागचं टोक कापाच्या रेषेपासून ०.१६ मिलिमीटर बाहेर पडतं. कापच जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असणार, त्यात हे म्हणजे फारच झालं. तीच टाच ०.३ मिलिमीटर केली तर बाहेर पडणं ०.०१५ मिलिमीटरवर येतं. लांबी तिसऱ्या हिश्श्याच्या आत आणली आणि घासणं दहाव्या हिश्श्यावर आलं, कारण ते लांबीच्या वर्गाच्या हिशोबानं चालतं. सरळ रेघेत हा प्रकारच नसतो, म्हणून ती झकास येते.

पैंजणवाला_हुपरी

हे डोक्यात शिरलं. मग टाच ठेवायचीच कशाला? पूर्ण काढून टाकली तर घासायला काही उरणारच नाही.

गुजरीतले_काका

उद्यमनगरीचं गणित वाचून बरं वाटलं. आम्ही मिलिमीटर मोजत नाही, भिंगाखाली बघतो. टाच दिसली पाहिजे आणि दिसली म्हणेपर्यंत संपली पाहिजे, एवढंच माप. पण उत्तर तेच येतं.

पोरा, टाच पूर्ण घालवलीस तर काय होतं ते सांगतो. कलमाचं पोट, म्हणजे खालची बाजू, पत्र्याला टेकून चालायला लागतं आणि तुझी बोटं कड्याला घासतात. बोटं वाचवायला तू मूठ उचलणार. मूठ उचलली की टोक खाली घुसणार, कारण त्याला खालनं आधारच नाही. घुसलेलं टोक वर येत नाही. मग एक तर ते मोडतं, नाहीतर जोर लावल्यावर एकदम सुटतं आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात जातं. गुजरीत, आमच्या सराफ पेठेत, माझ्या वयाच्या कुठल्याही कोरीवकामवाल्याचा डावा अंगठा बघ. टाच टोकाला खालनं पेलून धरते, किती खोल जायचं ते तिच्या आधारावर ठरतं, आणि मूठ पत्र्यापासनं वर राहते. १५ ते २० अंशांचा उतार पुष्कळ झाला. कड्यासारखी उंच-सखल वस्तू असेल तर २० कडं जा, सपाट पाटीवर १५ पुरे.

आणि चमक कुठनं येते हेही ह्यात आलं. पुढची धार धातू कापते, पण कापलेल्या भिंतीवरनं शेवटी फिरते ती टाच. ती जशी असेल तशी भिंत होते. टाचेवर दगडाचे ओरखडे असतील तर तेच ओरखडे रेघभर चांदीत छापले जातात. टाचेत तुला स्वतःची भुवई दिसली तर काप चमकणार, नंतर त्याला बफ दाखवायची गरज नाही. छिलाई केलेल्या जागेवर बफ फिरवणारा माणूस मला दुकानात चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. धार गेली की बहुतेक जण टाचेवर दगड मारतात. टाचेवर दगड मारला की ती दर खेपेला आणखी लांब होते. आखूड करायची असेल तर तोंड घासायचं. तोंड मागं सरकलं की टाच आपोआप पुढनं कमी होत जाते. म्हणून एकदा नीट टाच काढायची, पॉलिश करायची, आणि मग धार गेली की नुसतं तोंड, परत गेली की परत तोंड. करत करत टाच संपली की नवी काढायची. तुझी मिलिमीटरभर झालीय ती आता टाचेला हात न लावता तोंडावरनं उतरवत आण.

पितळीपान

काका, हे फार कामाचं आहे. मी अजून पितळेच्या पट्टीवरच शिकतेय, टेंबलाईवाडीत घरीच छोटं टेबल आहे. माझी अडचण वेगळी. टाच आखूड आहे, पॉलिश पण आहे, तरी कलम उजवीकडं ओढतं. सरळ रेघ मारायला गेले की शेवटी ती उजवीकडं कललेली असते.

गुजरीतले_काका

ताई, तुमच्या टाचेच्या दोन बाजू सारख्या नाहीत. चौकोनी कलम कोनावर उभं धरून चालतं, म्हणजे पोटाला दोन पाखी, दोन उतरत्या बाजू, आणि मधे एक कणा. टाचही दोन पाख्यांचीच असते. दहा पटीचं भिंग घ्या, कलम उलटं धरा आणि तो मधला कणा बघा. तो सरळ टोकात जाऊन मिळाला पाहिजे. टोकाच्या जरा बाजूला जात असेल, किंवा एक पाख रुंद आणि दुसरं अरुंद दिसत असेल, तर कलम ओढणारच. रुंद पाखाला हात लावू नका, अरुंद पाखावर दोन हलके हात मारा आणि परत बघा. एकेका हाताला बघायचं. चार हात मारून बघितलं की ते दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं.

टोक कसं बघायचं तेही सांगून ठेवतो. दिव्याखाली टोक फिरवून बघा. टोकावर बारीक पांढरा ठिपका चकाकला तर टोक मोडलेलं किंवा बसलेलं आहे. धारदार टोक प्रकाश परतवत नाही, ते दिसतच नाही.

उद्यमनगरी

ताई, हातानं दोन्ही पाखी सारखी येणं सुरुवातीला अवघडच. जिग, म्हणजे कलम ठरल्या कोनात धरणारा ठोकळा, करून घ्या. माईल्ड स्टीलचा ठोकळा, कलमाच्या मापाचं भोक, खाली टेकायची बाजू हव्या त्या उतारात घासलेली. ९० अंशांच्या कलमाला दोन्ही पाखी मिळून ९० यायची म्हणजे कलम कुशीवर ४५ एकदा डावीकडं आणि ४५ एकदा उजवीकडं कलतं करायचं. १२० अंशांचं कलम करायचं असेल तर ३० आणि ३०. ठोकळ्याच्या तोंडावर सुईच्या टोकानं त्या खुणा मारून ठेवा, कलमाला वरनं एक स्क्रू. उद्यमनगरात कुणीही ड्रिल आणि मिलिंग मारून देईल, फार खर्चाचं काम नाही.

अस्सल_कारागीर

जिग वापरून धार लावायची आणि हस्तकला म्हणून विकायचं. छान चाललंय. आमच्या आज्ज्यानं नुसत्या दगडावर धार लावून अख्खा जन्म काढला.

गुजरीतले_काका

अस्सल, आमच्याही वस्तादानं दगडावरच काढला. पण गिऱ्हाईक कलम बघत नाही, काप बघतं. ज्याच्या मनगटात कोन बसलाय त्यानं दगडावर लावावी, ज्याच्या नाही त्यानं जिग लावावं. तीन महिने वाकड्या कलमानं रेघा मारून हाताला वाकडी सवय लावून घेण्यापेक्षा जिग हजार वाटांनी बरं. हाताची सवय सरळ कलमावर लागू दे, मग जिग आपसूक बाजूला पडतं. नाही पडलं तरी काय बिघडलं?

पैंजणवाला_हुपरी

काका, आता पॉलिशचं सांगा. मी कुरुंदाच्या दगडावर घासून नंतर कॅनव्हासच्या बफावर टोक धरतो. चमक येते, पण नखावर मग घसरतं.

गुजरीतले_काका

घसरणारच. बफ मऊ असतो, तो टोकाला चहूबाजूनं गुंडाळतो आणि धार गोल करून टाकतो. चमक आली, कोपरा गेला. चामड्याच्या पट्ट्याचंही तेच. न्हाव्याच्या वस्तऱ्याला ते चालतं, कलमाला नाही. कलमाला पॉलिश कायम कडक पाठीवर करायचं.

माझी रीत अशी. मोठं काम, म्हणजे मोडलेलं टोक परत आणणं, चाकावर नाहीतर जाड दगडावर. मग तेल लावलेला बारीक दगड. माझ्याकडं अर्कान्ससचा पांढरा दगड आहे. तो अमेरिकेच्या त्याच नावाच्या राज्यातनं येतो, महाग पडतो पण पुरतो. तो नसेल तर काचेचा जाड तुकडा घ्या, त्यावर पॉलिश पेपर पसरा, ४/० नंबरचा, त्यावर तेलाचा एक थेंब. टाच सपाट टेकवायची आणि फक्त मागं ओढायची. पुढं ढकललं की टोक कागदात घुसतं आणि गोल होतं. हातात वजन नको. आठ-दहा वेळा ओढलं की भिंगाखाली बघायचं, ओरखडे सगळे गेले पाहिजेत.

टाच घासली की तोंडाच्या बाजूला एक बारीक बर, म्हणजे वर आलेली धातूची कड, येते. बोटाला लागत नाही पण पहिल्या कापातच चांदीत भरते. ती काढायला तोंडावर एक हलका हात मारायचा आणि टोक सागवानाच्या तुकड्यात एकदा खुपसून बाहेर काढायचं. मग नखावर बघायचं, घसरलं नाही की झालं.

उद्यमनगरी

पेपरऐवजी डायमंड पेस्ट पण चालते. अर्धा मायक्रॉनची बारीक पेस्ट, सिरॅमिकच्या सपाट चकतीवर किंवा बिडाच्या सपाट तुकड्यावर चोळून. त्याआधी डायमंडच्या चकत्या ६०० आणि मग १२००. काकांनी सांगितलेलं कडक पाठीचं सूत्र तेच, फक्त पेपर सारखा बदलायला लागत नाही. १२०० वर थांबलात तर चमक निम्मीच येते. ते शेवटचं पॉलिश चुकवू नका.

मिरजवेस

जरा विषय सोडून विचारतो. लग्नात द्यायच्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात ते ह्याच कलमानं का? आमच्याकडं भांडीवाला विजेचं पेन फिरवतो आणि नाव वाचता येत नाही.

गुजरीतले_काका

विजेचं पेन ठिपके मारतं, धातू बाजूला सारतं, कापत काही नाही. पूर्वी छिन्नी-हातोडीनं टिकटिक करत नाव घालायचे तोही ठोकण्याचाच प्रकार. कलम धातूची तार काढतं, तीच खाली पडते. स्टीलच्या पातेल्यावर हातानं कलम चालवायचं म्हणजे मनगटाचा जीव काढणं आहे. त्यापेक्षा पेनवाल्याला अक्षर सुधारायला सांगा.

पैंजणवाला_हुपरी

स्टील निघालं म्हणून विचारतो. कलमाचं स्टील कुठलं घेऊ? एकजण म्हणाला कार्बाइड घे, धार महिनाभर जात नाही. कारखान्यातली मोडकी एंडमिल, म्हणजे मिलिंग मशीनची कापायची टूलं, भंगारात मिळतात म्हणे.

उद्यमनगरी

हा माझा विषय. बसा.

पहिलं, साधं कार्बन स्टील. जुनी बारीक कानस घेऊन तिचे दात घासून कलम करतात ते हे. धार अतिशय सुंदर येते, दगडावर पटकन लागते, पण उष्णतेला भितं. ग्राइंडरवर दाबलं आणि टोक निळं पडलं की समजायचं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि कलमाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. पुढं कितीही धार लावा, टिकणार नाही. निळा भाग पूर्ण घासून मागं जायचं किंवा परत पाणी द्यायचं. पाणी द्यायला लालबुंद करायचं, चुंबक चिकटायचा बंद होतो त्याच्या जरा वरपर्यंत, मग तेलात विझवायचं. एवढ्यावर थांबलात तर काचेगत ठिसूळ होतं. म्हणून पॉलिश करून परत हळूहळू तापवायचं आणि टोकाकडं गवती पिवळा रंग आला की थांबवायचं, साधारण २२० ते २३० अंश.

दुसरं, हायस्पीड. लेथवाले चौकोनी टूल बिट वापरतात तेच. लाल होत आलं तरी कडकपणा सोडत नाही, ५५०-६०० अंशांपर्यंत दम धरतं, त्यामुळं ग्राइंडरवर घाबरायचं कारण नाही. फक्त तापलं म्हणून एकदम पाण्यात बुडवू नका, बारीक तडा जातो. टोकातली ती तडा दिसत नाही, पण टोक तिथनंच तुटतं. ३ मिलिमीटरचं टूल बिट मिळालं तर कलमाला उत्तम. मोठंच मिळालं तर पाठीचं जास्तीचं मटेरियल पुढच्या बाजूला उतारानं काढून टाका, म्हणजे तोंड छोटं होतं आणि दर वेळी घासायला थोडंच लागतं. चांदी-सोन्याला एवढं पुष्कळ झालं.

तिसरं, कार्बाइड. शिरोली, गोकुळ शिरगावच्या सीएनसीवाल्यांकडं मोडक्या एंडमिलचे दांडे मिळतात हे खरं. पण आधी दोन गोष्टी. तपकिरी चाकावर ते घासलं जात नाही, चाकच झिजतं. हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक किंवा डायमंड पाहिजे. आणि त्याच्या धुळीत कोबाल्ट असतं, ते फुप्फुसाला वाईट. पाणी टाकून घासायचं, तोंडाला चांगला मास्क, आणि जेवायच्या टेबलावर तर अजिबात नाही. धार टिकते, पण बाजूनं जरा दाब आला की टोक कपची होऊन उडतं. म्हणून तोंड ४५ ऐवजी ५०-५५ अंशांचं ठेवायचं, म्हणजे टोकामागं मांस राहतं.

गुजरीतले_काका

चांदीला कार्बाइडची गरज नाही. ज्याला पोलादावर, बंदुकीच्या पट्टीवर नक्षी काढायची त्यानं घ्यावं. हायस्पीडला धार लवकर लागते आणि लवकर लागते म्हणून माणूस लावतो. कार्बाइडवाला कंटाळा करून बोथट कलमानंच काम रेटत बसतो.

पितळीपान

काका, पातळ पत्र्याचं काय करायचं? साज, ठुशी अशा कामात पानं, वाट्या पातळ पत्र्याच्या आणि आत लाख. माझी एक मैत्रीण अशा पानावर रेघ टाकायला गेली आणि कलम आरपार लाखेत. तिला कुणी म्हणालं की हलक्या हातानं कर. हलका हात म्हणजे नक्की किती, कोण सांगणार?

उद्यमनगरी

हात हलका करण्यापेक्षा कोन बदला. ९० अंशांच्या कलमानं ०.६ मिलिमीटर रुंदीची रेघ हवी असेल तर ०.३ मिलिमीटर खोल जावं लागतं. पत्राच तेवढा असेल तर आरपारच. तीच ०.६ ची रेघ १२० अंशांच्या कलमानं काढली तर खोली ०.१७ वर येते. वरनं बघणाऱ्याला दोन्ही रेघा सारख्याच रुंद दिसतात.

गुजरीतले_काका

बरोबर. शिवाय १२० ची भिंत पसरट असते, ती उजेड जास्त फेकते. सोन्यावर ती फार खुलते. बारीक, केसाएवढ्या रेघांना मात्र ९० किंवा त्याहून निमुळतं कलमच पाहिजे. १२० नं हलकं टेकवलं तरी रेघ जाड होते, मोराच्या पिसाची बारकाई येत नाही. म्हणून दोन्ही हाताशी ठेवायची, मुठींना वेगळा रंग लावून.

मुठीवरनं आठवलं. पैंजणवाला, तुझं कलम नवं टूल बिट असेल तर लांब पडत असणार. मुठीचा गोळा तळव्यात बसवला की टोक अंगठ्याच्या पुढं इंच-सव्वा इंच निघालं पाहिजे, जास्त नको. जास्त निघालं की टोक थरथरतं आणि त्या थरथरीचे आडवे पट्टे कापात उमटतात, लोक त्याला धारेचा दोष समजतात. मागनं कापून टाक. धार लावून लावून कलम आखूड होईल तसा मुठीत जरा पुढं सरकव. मुठीची खालची बाजू सपाट तासलेली असू दे, म्हणजे कलम पत्र्याजवळ खाली झोपतं.

आणि कोरताना वस्तू धरून ठेवणाऱ्या लाखेवर ती नीट बसव. कडं जरा जरी हललं तर पृथ्वीतलं सगळ्यात भारी कलमही पांढरी कड पाडणार.

रंकाळा_कट्टा

काका, तुम्ही क्लास का काढत नाही? पहिला मी.

गुजरीतले_काका

तुला पहिला महिना नुसती टाच घासायला बसवीन. दुसऱ्या दिवशी तू परत रंकाळ्यावर.

पैंजणवाला_हुपरी

तोंडावरनं उतरवत टाच आणली खाली, ताईंचं बघून कणा पण भिंगाखाली जुळवला. वळणाची बाहेरची कड बऱ्यापैकी साफ येतेय, एकदम आवळलेल्या वळणात अजून पुसट पांढरं दिसतं. पण एक वेगळीच भानगड. बाजारची ९२.५ टंचाची चांदी स्वच्छ कापली जाते, आणि त्याच कलमानं शुद्ध चांदीच्या निरांजनावर काम केलं तर धातू टोकाला चिकटतो, तार निघायच्या ऐवजी लगदा होतो.

गुजरीतले_काका

आवळलेल्या वळणात कलम ढकलत बसू नकोस. कलम जागच्या जागी धर आणि डाव्या हातानं वस्तू फिरव. लाखेचा गोळा फिरता असेल तर उत्तमच. आणि तिथं टाच अजून निम्मी कर, म्हणजे वळणांसाठी एक वेगळं कलमच ठेव. सरळ पट्ट्यांना थोडी लांब टाच उलट बरी, रेघ डगमगत नाही.

शुद्ध चांदी मऊ असते आणि निरांजन तापवून मऊ केलेलं असेल तर विचारूच नको. मऊ धातू टोकाला चिकटतोच. तोंडाला पण टाचेएवढंच पॉलिश कर, तार तोंडावरनं सरकून वर जाते, तिथं ओरखडे असले की ती अडकते. अन् टोक अधनंमधनं तेलाच्या चिंधीवर टेकवत जा. काही जण टोक जिभेला लावतात, ती सवय लावून घेऊ नकोस. जमत असेल तर कोरण्याआधी वस्तू तापवू नको, ठोकून घडवलेला कडकपणा तसाच राहू दे. नीट चाललेल्या कलमाची तार गोल वळत, चमकत निघते. भुगा पडायला लागला की थांबायचं आणि तोंड बघायचं.

पितळीपान

पितळेत मात्र भुगाच पडतो की, काका. माझी तार कधीच निघत नाही.

उद्यमनगरी

ताई, तुमची पट्टी लेथला वापरतात त्या पितळेची असणार. त्यात शिसं घातलेलं असतं, मशीनवर तुकडे तुटून पडावेत म्हणून. तुमच्या कलमाचा दोष नाही. भांड्याच्या पत्र्याचं पितळ आणून बघा.

पैंजणवाला_हुपरी

काका, अजून एक. आजोबांच्या पेटीत एक चपटं कलम निघालंय. पोटाला उभ्या बारीक खाचा आहेत आणि दांड्यावर १८-१० असा आकडा आहे. ह्याला टाच कशी काढायची?

गुजरीतले_काका

काढायचीच नाही! ते रेघांचं कलम. १० म्हणजे एका हातात दहा रेघा पडतात आणि १८ हा दोन रेघांतल्या अंतराचा नंबर. खाचा म्हणजेच त्याचं सगळं काम. पोटाला दगड लागला की खाचा पुसल्या आणि कलम खलास. फक्त तोंड घास, बारीक दगडावर, अगदी काटकोनात, नाहीतर एका बाजूच्या रेघा खोल आणि दुसऱ्या बाजूच्या पडतच नाहीत. खाचांत जुना मळ असेल तर ब्रशनं आणि रॉकेलनं काढ, सुईनं कोरू नकोस.

एकदा उभं, एकदा आडवं फिरवलंस की त्या जागेला रेशमी मंदपणा येतो. पाकळीच्या पोटात ते भर आणि कडेला १२० च्या कलमानं एक चमकता काप दे. मंद जागेशेजारी तो काप दुप्पट उठतो.

चपटं साधं कलम पण असेल पेटीत, खाचा नसलेलं. त्याला टाच लागते. ते सरळ न ढकलता एका कोपऱ्यावरनं दुसऱ्या कोपऱ्यावर डुलवत पुढं न्यायचं, नागमोडी किनार पडते. जुन्या अत्तरदाण्यांवर, पानाच्या डब्यांवर बघितली असशील. दोन्ही कोपरे शाबूत आहेत का ते आधी बघ.

उद्यमनगरी

१८-१० चा जवळून फोटो टाक की, तोंडाचा आणि पोटाचा दोन्ही. आमच्याकडं प्रोफाइल प्रोजेक्टर आहे, शनिवारी हुपरीकडं येणं आहेच, कलम दिलंस तर खाचांचं अंतर मोजून देतो.

पैंजणवाला_हुपरी

दोन्ही फोटो रात्री टाकतो. चपटं साधं पण आहे पेटीत, त्याचा एक कोपरा उडालाय. तोंड बरंच मागं घ्यावं लागेल असं दिसतं. शनिवारी दोन्ही घेऊन स्टँडवर येतो.